५ ते ८ वर्षांच्या मुलांचा फुटबॉल: रांग मोडा, राज्य द्या

डावखुरा | सोमवार, रात्री ९.१०

सोसायटीचं पटांगण असो, शाळेचं मैदान असो की तासावर घेतलेलं टर्फ, पाच ते आठ वर्षांच्या गटाचा फुटबॉल बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला. मैदानाला दोन फेऱ्या, हातपाय ताणणं, सहा कोनमधून (प्लास्टिकचे खुणेचे शंकू) नागमोडी ड्रिबलिंगची, म्हणजे चेंडू पायाने पुढे नेत जायची, रांग आणि शेवटी दहा मिनिटं ‘मॅच’. पोरं पहिल्या आठवड्यात उड्या मारत येतात, तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पोटात दुखायला लागतं.

कारण साध्या हिशेबात आहे. चौदा मुलं, एक रांग, कोनमधून जाऊन यायला एकाला २० सेकंद. २० मिनिटांत ६० पाळ्या, म्हणजे प्रत्येकी चार-साडेचार. एका मुलाला दीड मिनिटाहून कमी चेंडू आणि उरलेली साडेअठरा मिनिटं पुढच्याच्या मानेकडे बघत उभं राहणं. त्यात ते ढकलाढकली करतं, गवत उपटतं, आणि आपण म्हणतो शिस्त नाही.

हीच पोरं संध्याकाळी जिन्याखाली विषामृत खेळतात तेव्हा जेवायला हाका मारून मारून घसा बसतो. म्हणून हा धागा. आपलेच मैदानी खेळ, चेंडू घालून. खेळ सांगताना मुलं किती, जागा किती, मांडणी कशी आणि तो कुठे फसतो हे लिहा. ‘मजेत घ्यावं’ एवढंच लिहू नका, ते सगळ्यांना माहीत आहे.

सुरुवात मीच करतो.

चेंडूचं विषामृत: १४ मुलं, १८ बाय १८ मीटरचा चौकोन (मोठ्या माणसाची साधारण २४ पावलं). राज्य तिघांवर. त्यांच्याकडे चेंडू नाही, हातात बिब (संघ ओळखायला शर्टावरून घालतात ते रंगीत, बिनबाह्यांचं जाकीट). बाकी ११ जणांकडे प्रत्येकी एक चेंडू. बिब लागला की विष: जागेवर पाय फाकवून उभं राहायचं, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा. दुसऱ्या कुणी आपला चेंडू त्याच्या पायांमधून घातला की अमृत, तो सुटला. डाव ९० सेकंदांचा, मग राज्य बदलायचं.

फसतो कुठे? राज्य एकावरच दिलं तर कुणी सापडतच नाही आणि दोन मिनिटांत कंटाळा येतो. पाच जणांवर दिलं तर वीस सेकंदांत सगळं मैदान पुतळ्यांचं. चार-पाच मुलांमागे एक हे प्रमाण बसतं. दुसरं म्हणजे, अमृत द्यायला पोरं लांबून धावत येऊन फटका मारतात आणि समोरच्याच्या घोट्यावर बसतो. ‘एका पावलावरून, चेंडू जमिनीवरून सरपटत’ हा नियम आधीच सांगून ठेवा. शेवटी ‘कोण वाचलं’ विचारू नका, ‘किती अमृतं दिली’ विचारा. नाहीतर हुशार पोरं कोपऱ्यात चेंडू धरून उभी राहतात आणि तेच जिंकतात.

शिटीवाली | सोमवार, रात्री ९.४८

धागा वाचनखुणेत ठेवला. खेळाआधीचं थोडं.

सहा वर्षांच्या मुलाला खेळ समजवायला २०-३० सेकंदांच्या वर घेतले की मागचे दोघं गेलेच. म्हणून आधी न बोलता करून दाखवा, नियम एकच सांगा, शिटी मारा. दुसरा नियम खेळ मिनिटभर चालल्यावर थांबवून सांगा. चारही नियम सुरुवातीला सांगितले तर शेवटचा ‘सर, सुरू करू?’च्या गोंगाटात जातो.

उभे राहताना ऊन तुमच्या तोंडावर आणि मुलांच्या पाठीवर हवं. उलटं झालं की सगळे डोळे बारीक करून जमिनीकडे बघतात. पायाशी चेंडू असलेल्या मुलांना ‘इकडे या’ म्हणू नका, तो चेंडू आधी तुमच्याकडे येतो आणि मग कुंपणाबाहेर जातो. एक परवलीचा शब्द ठरवा. ‘स्टॅच्यू’ सगळ्यांना येतो. स्टॅच्यू म्हटलं की तळवा चेंडूवर, हात कमरेवर. हे स्वतःच एक खेळ आहे, पहिल्या दिवशी पाच मिनिटं फक्त एवढंच घ्या.

पेठकर | सोमवार, रात्री १०.२०

कोल्हापुरात पेठेतलं पोरगं कोचकडं जायच्या आधी गल्लीत फुटबॉल शिकतंय. दोन विटांचा गोल, तिघं इकडं, तिघं तिकडं, भिंत कायमची भिडू. रांग नाही, फेऱ्या नाहीत. एक संघ लईच भारी झाला तर पोरं स्वतःच थांबून भिडू बदलतात, कारण एकतर्फी डावात भारी संघालापण मजा येत नाही. मोठी माणसं ते करत नाहीत, ‘संघ ठरलेत’ म्हणून बसतात.

भिडू वाटायची जुनी रीत परत आणा. दोघं कॅप्टन उभे. बाकीच्यांनी आपल्या तोडीचा जोडीदार शोधायचा, दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं ठेवायची आणि येऊन विचारायचं, ‘आंबा की फणस?’ कॅप्टन फळ निवडतो, पोरगं नाही. संघ आपोआप सारखे होतात आणि ‘तुला कुणी घेतलं नाही’ हा प्रकारच राहत नाही. चौदा जणांचं दोन मिनिटांत होतं. पण राज्य कुणावर हे ठरवायला चकायला लावू नका. तीन-तीनच्या गटांत चकत चौदा जण सुटेपर्यंत पाच मिनिटं गेली. तिथं सरळ बिब हातात द्यायचा.

एक मतभेद मात्र आहे. हरणं-जिंकणं काढून टाकायची जी नवी टूम आहे ती पटत नाही. गोल मोजायचे नाहीत म्हटलं तरी पोरं मोजतातच.

डावखुरा | सोमवार, रात्री १०.३५

पेठकर, मोजू द्यात की. डावातले गोल मोजण्याला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती बाद करण्याला. ‘चेंडू चौकोनाबाहेर गेला की बाद’ या लोकप्रिय खेळात पहिला बाद कोण होतो? ज्याला चेंडू सांभाळता येत नाही तो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज तो बाहेर बसतो आणि ज्याला आधीच येतं तो शेवटपर्यंत खेळतो. शिक्षण अगदी उलट्या दिशेने.

आपल्याकडे लिंबूटिंबूची सोय होतीच: खेळात सगळं करायचं, पण राज्य येत नाही. या वयात सगळेच लिंबूटिंबू. चेंडू बाहेर गेला? आणायचा, कोपऱ्यातल्या कोनला एक चक्कर मारायची, परत आत. दहा सेकंदांची शिक्षा पुरते.

चिखलपाय | मंगळवार, सकाळी ७.०५

हरलेल्या संघाला उठाबशा किंवा फेऱ्या, हेही बंद व्हावं. धावणं ही शिक्षा ठरली की पुढची दहा वर्षं धावा म्हटलं की तोंड वाकडं होतं.

एक खेळ. ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा.’ १४ मुलं, सगळ्यांकडे चेंडू. मध्ये १३ कोन, साधारण ६ मीटर व्यासाच्या गोलात. त्याच्या बाहेर ५ मीटर अंतरावर फक्कीने दुसरा मोठा गोल. पोरं बाहेरच्या गोलावरून एकाच दिशेने ड्रिबल करत फिरतात, ओरडायचं काम एकाकडे. आग विझली म्हटलं की आत धावून एकेका कोनपाशी चेंडू तळव्याने थांबवायचा. ज्याला कोन मिळत नाही तो बाद होत नाही, पुढच्या डावात ओरडणारा तो. हे पद इतकं मानाचं ठरतं की काही पोरं मुद्दाम मागे राहतात. तसं दिसलं तर कोन १४ करा आणि ओरडणारा स्वतःच नेमा.

बाहेरचा गोल आखला नाही तर पोरं कोनला चिकटूनच फिरतात आणि खेळ मरतो. दिशा दर डावाला उलटी करा, नाहीतर सगळा वेळ उजव्याच पायाने खेळतात. आणि फक्की म्हणजे फक्कीच, पाणी लागलं की तापणारा चुना नको. वाऱ्याने डोळ्यात गेला तर भाजतो.

आता तळव्याने थांबवण्याबद्दल, कारण सगळे ‘चेंडूवर पाय ठेवा’ म्हणतात आणि पोरं चेंडूवर चढून आपटतात. पाय ठेवायचा नाही, टेकवायचा. टाच खाली, बोटं वर, चेंडूला लागतो तो चवडा. वजन सगळं दुसऱ्या पायावर आणि तो गुडघा थोडा वाकलेला. समजावत बसण्यापेक्षा ‘चेंडूखाली मुंगी आहे, मारायची नाही’ म्हणा. पाय लगेच हलका पडतो. तो जमला की तसाच चवड्याने चेंडू मागे ओढायला सांगा, तिथून पुढे अर्ध्या युक्त्या आपोआप येतात.

मोगरा_७ | मंगळवार, सकाळी ११.३०

प्रश्न आहे. शाळेत चेंडू पाचच आहेत आणि तेही मोठे, सातवी-आठवीचे. मुलं चौदा, वय सहा-सात. काय करता येईल?

आडवा बार | मंगळवार, दुपारी १.१५

मोगराताई, मोठे म्हणजे ५ नंबरचे असणार: घेर ६८ ते ७० सेंमी, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. सात वर्षांच्या मुलासाठी ३ नंबर हवा, घेर ६० सेंमीच्या आसपास, वजन ३०० ते ३२० ग्रॅम. फरक पायाला कळतो. जड चेंडू बाजूने ढकलून जात नाही, म्हणून मूल बोटांच्या टोकाने ठोकायला शिकतं आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. शाळेला एकदाच खर्च करायचा असेल तर गोलाची जाळी, गणवेश, चकचकीत कोन हे सगळं नंतर. आधी ३ नंबरचे चेंडू. स्वस्त रबरी चेंडूपेक्षा शिवलेला, मऊ आवरणाचा घ्या. रबरी फार उसळतो आणि मांडीवर बसला की लाल वळ उठतो.

येईपर्यंत हेच पाच चालवा. हवा थोडी कमी ठेवा, दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर सेंटिमीटरभर आत गेला पाहिजे. पंपाची सुई ओली केल्याशिवाय घालू नका. कोरडी सुई घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो आणि पाचाचे चार होतात.

पाच चेंडूंचा खेळ: आंबे चोर. १५ बाय १५ मीटर, चार कोपऱ्यांत चार घरं, मध्ये पाच आंबे. संघ ४, ४, ३, ३. शिटी वाजली की सगळे एकदम धावतात (एकेक नाही!), चेंडू पायाने घरी आणतात. मधले संपले की दुसऱ्याच्या घरातून चोरायचे. घरावर पहारा नाही, हाताने धरणं नाही. दोन मिनिटांनी ज्याच्या घरात जास्त आंबे तो जिंकला. कधी कुणी एक पुढे राहतो, कधी दोन घरांत दोन-दोन आंबे होऊन बरोबरी होते, पण पुढे राहणारा दर डावाला बदलतो.

घर म्हणून जुना सायकलचा टायर आडवा टाकला तर चेंडू घरंगळत नाही, आणि बाहेर काढायला तळव्याने ओढून काठावरून न्यावा लागतो. चिखलपाय म्हणतात ती मागे ओढायची युक्ती कुणी न शिकवता येते. मात्र पाच वर्षांच्या मुलाला टायरचा काठ उंच पडतो, ते वैतागून हात घालतं. त्यांच्यासाठी दोरीचं किंवा फक्कीचं कडं करा. स्कूटरचा टायर सातवाल्यांनाही जड.

शिटीवाली | मंगळवार, दुपारी २.४०

आंबे चोरमध्ये डोकी आपटतात, सगळे एकदम मधल्या ढिगाकडे खाली बघत धावतात. चेंडू एका ढिगात न ठेवता मध्ये तीन-तीन पावलांवर पसरून ठेवा. पहिली शिटी वाजायच्या आधी प्रत्येक संघाला ‘तुमच्या समोरचा’ म्हणून दाखवून द्या.

कट्टेकरी | मंगळवार, रात्री ८.२२

हे सगळं छान, पण टेक्निक कधी? इनसाइड पास, ट्रॅप, शूटिंग? पालक फी भरतात ते लगोरीसाठी नाही. आठव्या वर्षी निवड चाचणीला उभं केलं की कळेल.

डावखुरा | मंगळवार, रात्री ८.५५

लगोरीसाठीच भरतात असं समजा. आता बघा.

लगोरी, जोड्यांत. दोघं विरुद्ध दोघं, मध्ये पाच प्लास्टिकचे ग्लास उतरंडीसारखे. सहा वर्षांच्यांना ४ मीटर, आठच्यांना ६ मीटर अंतर. पाडली की पाडणाऱ्या जोडीने १० मोजेपर्यंत परत रचायची, समोरच्या जोडीने तेवढ्यात चेंडू ड्रिबल करत आणून रेषेवर थांबवायचा. रचली तर गुण यांना, चेंडू आधी पोचला तर त्यांना. १४ मुलांचे चार-चारचे गट नीट पडत नाहीत हे मलाही माहीत आहे: तीन मांडण्यांवर १२, उरलेले दोघं कोणत्याही दोन मांडण्यांत तिसरे भिडू.

यात टेक्निक कुठे? बोटांच्या टोकाने मारला तर चेंडू उचलला जातो आणि ग्लासांवरून निघून जातो. आतल्या बाजूने, टेकवलेला पाय चेंडूच्या शेजारी ठेवून ढकलला तर सरपटत जातो आणि पाडतो. दहा मिनिटांत पोरं स्वतःच पाय वळवायला लागतात, कारण ग्लास खोटं बोलत नाहीत. तेव्हा एकच वाक्य बोलायचं: ‘कुठल्या बाजूने मारलास की पडतात?’ उत्तर त्याला देऊ द्या. एका तासाला एकच गोष्ट सुधारायची, पाच नाहीत.

ग्लास वाऱ्याने पडतात, सर्वांत खालच्यात मूठभर वाळू भरा. खरे दगड नकोत, घोट्याची हाडं त्याहून मऊ असतात.

पेठकर | मंगळवार, रात्री ९.३०

आट्यापाट्या कुणी लिहिलं नाही अजून? ड्रिबलिंगचा बापखेळ आहे तो.

तीन आडव्या पाट्या (आखलेल्या रेषा), प्रत्येकी ८ मीटर लांब, दोन पाट्यांत ५ मीटर अंतर. प्रत्येक पाटीवर एक पहारेकरी, त्यानं पाटीवरूनच डावी-उजवीकडं सरकायचं. चार जण चेंडू घेऊन एकदम निघतात. तिन्ही पाट्या पार केल्या की दोन गुण आणि बाहेरून वळून परत सुरुवातीला. चेंडू अडला तर तिथूनच घ्यायचा आणि मागच्या पाटीपासून पुन्हा. ४५ सेकंदांनी पहारेकरी बदलायचे. चौदा पोरं असली तर अशा दोन मांडण्या शेजारी शेजारी.

हूल द्यायला शिकवावी लागत नाही. समोर माणूस पाटीला बांधलेला आहे हे कळलं की पोरगं एका बाजूला खांदा झुकवून दुसरीकडनं सुटतं. कोन हलत नाहीत, म्हणून कोनसमोर हूल कधी येत नाही. हा मुद्दा कट्टेकरींसाठी.

खोट कुठं येते: पहारेकरी पाटी सोडून नडगीवर लाथ घालतो. त्यानं लाथ मारायची नाही, चेंडूवर तळवा टेकवायचा, टेकला की अडला. आणि पाच वर्षांच्या पोराला ‘रेषेवरच राहायचं’ हे झेपत नाही, ते सरळ मागं पळतं. सातच्या खाली हा खेळ काढू नका.

नदीकिनारी | बुधवार, पहाटे १.१०

जर्मनीतून थोडी माहिती. इथे २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांच्या सामन्यांचं नवं स्वरूप देशभर लागू झालं आहे. सर्वांत लहान गट, म्हणजे सात वर्षांपर्यंतची मुलं, दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन खेळतात. चार छोटे गोल, प्रत्येक बाजूला दोन. गोलकीपर नाही. गोल झाला की दोन्ही संघ एकेक खेळाडू बदलतात, त्यामुळे ‘मला कधी घेणार?’ हा प्रश्नच राहत नाही. शेजारी शेजारी अनेक मैदानं, छोट्या फेऱ्या, जिंकलेला संघ एक मैदान वर, हरलेला एक मैदान खाली. दोन फेऱ्यांत प्रत्येकाला आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. गुणतक्ता नाही. चार गोलांच्या या खेळाचा पाया हॉर्स्ट वाइन यांच्या ‘फुनिन्यो’ या तीन विरुद्ध तीनच्या खेळात आहे, आणि ते मूळचे हॉकीचे प्रशिक्षक.

पेठकर यांच्या मुद्द्याला धरून: गोल मोजले जातातच, वर्षभराची क्रमवारी लावत नाहीत एवढंच. नॉर्वेतही मूल ज्या वर्षी ११ वर्षांचं होतं त्याआधी निकालाचे तक्ते लावत नाहीत.

पेठकर | बुधवार, सकाळी ८.००

वर-खाली मैदान ही कल्पना झकास. एवढं असेल तर तक्ता गेला खड्ड्यात.

आडवा बार | बुधवार, सकाळी ९.४५

चार गोलांचं इथल्या पटांगणात बसवायचं तर: २५ बाय २० मीटर. गोल म्हणजे २ मीटर अंतरावर दोन कोन, प्रत्येक बाजूच्या दोन गोलांमध्ये १० ते १२ मीटर. गोलापासून ६ मीटरवर फक्कीची रेषा, तिच्या आतूनच मारलेला गोल धरायचा. ही रेषा नसेल तर जोरात पाय चालणारा एखादा पोरगा अर्ध्या मैदानातून ठोकत राहतो आणि बाकीचे चेंडू आणायला पळतात.

१४ मुलांची दोन मैदानं, प्रत्येकावर सात: तीन विरुद्ध तीन, एक बदली. गोल खाल्लेल्या संघात बदली आत, त्यातला एक बाहेर. १५ सेकंदांच्या वर कुणी उभं राहत नसेल तर बरोबर चाललंय. राहत असेल, म्हणजे गोलच होत नसतील, तर गोल ३ मीटरचे करा.

चेंडूभोवती मोहोळ जमतं त्याबद्दल: सात विरुद्ध सातमध्ये सहा वर्षांचं मूल पसरणार नाही. ‘पसरा, पसरा’ ओरडून घसा बसेल. आपल्याला हवा असलेला चेंडू दुसऱ्याकडे जावा म्हणून लांब जाऊन उभं राहायचं, हे त्या वयाच्या डोक्यात बसतच नाही. मोहोळ मोडायचा उपाय म्हणजे माश्या कमी करणं. सहा जणांचं मोहोळ फार मोठं होत नाही, आणि दुसरा गोल रिकामा दिसला की कुणीतरी वळतंच. त्या वळण्याचं कौतुक गोलापेक्षा मोठ्याने करा.

मोगरा_७ | बुधवार, दुपारी १२.२०

आंबे चोर पोरांना नक्की आवडेल. पण एक मुलगा कडेला उभा राहतो, हात धरून आणलं तरी येत नाही. काय करावं?

शिटीवाली | बुधवार, दुपारी १२.५०

ओढू नका आणि ‘बघा, हा खेळत नाही’ असं सगळ्यांसमोर म्हणू नका. त्याला चेंडू द्या, चौकोनाच्या बाहेर कडेने फिरू द्या. मग एखादं काम: डोंगराला आगमध्ये ओरडणारा, आंबे चोरमध्ये मोजणारा. तिसऱ्या-चौथ्या तासाला आत येतो. नाही आला तर बहुतेकदा कारण गोंगाट किंवा चेंडू लागण्याची भीती असतं. भीती असेल तर फोमचा मऊ चेंडू घेऊन एका मुलाबरोबर जोडीत खेळवा, पूर्ण गटात नाही.

शिटी जपून वाजवा हेही यातच. लहान जागेत, पत्र्याच्या छताखाली ती कानठळ्या बसवते. टाळ्या पुरतात. (माझ्या आयडीकडे दुर्लक्ष करावं.)

चिखलपाय | बुधवार, संध्याकाळी ६.३०

जागेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

टर्फ एप्रिल-मेमध्ये हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर खेळ नाही. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. पाणी दर १५ मिनिटांनी, तहान लागल्यावर नाही.

पेव्हर ब्लॉकवर आणि काँक्रीटवर लंगडी, घसरणं आणि मागे धावणं वगळा. पेव्हर ब्लॉकवर चेंडू उंचवट्याला लागून कुठेही जातो, तिथे तळव्याने खेळायचेच खेळ घ्या.

पावसात चिखल झालेल्या गवतावर चेंडू थांबतो, ड्रिबलिंग होत नाही. त्यावर चिडू नका, मैदान निम्मं करा आणि चार गोल खेळवा. पोरांना चिखल हवाच असतो. फक्त साचलेलं पाणी टाळा: पायाला कापलेलं-खरचटलेलं असताना त्यात उतरणं म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराला आमंत्रण. खेळून झाल्यावर नळाखाली पाय साबणाने धुऊनच घरी.

लोखंडी पाइपचे सुटे गोल असतील तर मागच्या पाइपवर वाळूची पोती टाकून ते बसवा आणि आडव्या दांडीला कुणालाही लटकू देऊ नका, एकदाही. असा गोल पुढे कलंडून मुलं दगावलेली आहेत. लहानांसाठी कोनचे गोलच बरे.

हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, या वयात नाहीच. अमेरिकेत १० वर्षांपर्यंत त्यावर बंदी आहे, इंग्लंडमध्ये प्राथमिक वयोगटाच्या सरावातून २०२० मध्येच काढायला सांगितलं.

कट्टेकरी | बुधवार, रात्री ९.०५

आट्यापाट्यांचा मुद्दा मान्य. कोनसमोर हूल येत नाही हे खरंच. मग ५० मिनिटांचा तास कसा लावायचा? आणि बाहेरून ‘मार, मार, शूट कर’ ओरडणाऱ्या पालकांचं काय?

डावखुरा | बुधवार, रात्री ९.४०

पोरं येतात तशी चेंडू देऊन मोकळं सोडा, दोघं आले तर दोघांचा डाव. सगळे येईपर्यंत थांबायचं नाही, ती ७-८ मिनिटं फुकट जातात. मग पाठलागाचा खेळ १० मिनिटं (विषामृत किंवा डोंगराला आग), पाणी, नेम किंवा हुलीचा खेळ १० मिनिटं (लगोरी, आट्यापाट्या), पाणी, आणि उरलेला सगळा वेळ चार गोल. वेळ कमी पडला तर मधला खेळ कापा, शेवटचा कधीच नाही, पोरं त्याच्यासाठीच येतात. खेळ रंगात असताना थांबवा, मरेपर्यंत ताणू नका. आणि दर आठवड्याला नवा खेळ काढायच्या फंदात पडू नका. तेच चार खेळ, एक नियम बदलून, महिनाभर पुरतात.

पालकांसाठी कडेपासून तीन मीटरवर दोरी. दोघा-तिघांना बाहेर जाणारे चेंडू परत टाकायचं काम द्या, हात गुंतले की तोंड आपोआप कमी चालतं. मुलाला बाहेरून ‘मार’ आणि आतून स्वतःच्या डोक्यातलं ‘वळ’ एकाच वेळी ऐकू येतं, आणि ते थांबून कडेला बघतं. तोवर चेंडू गेलेला असतो.

मोगरा_७ | गुरुवार, सकाळी ७.२०

शेवटची शंका. पाच-सहाच्या पोरांना ‘मामाचं पत्र हरवलं’ सगळ्यांत आवडतं. चेंडू घालून होईल का? चौदा जण गोलात बसले तर दोघंच पळतात आणि बाराजण बसतात, म्हणजे परत रांगच.

चिखलपाय | गुरुवार, सकाळी ७.५५

होईल. एक मोठा गोल करू नका, दोन गोल करा, सात-सातचे. गोल ५ मीटर व्यासाचा, मुलं उभी, तोंड आत. प्रत्येकाच्या पायाशी चेंडू आणि त्यावर तळवा, आळीपाळीने डावा-उजवा पाय टेकवत राहायचं, म्हणजे वाट बघणारेही रिकामे नाहीत. ज्याच्यावर राज्य तो आपला चेंडू घेऊन बाहेरून ड्रिबल करतो, रुमाल एकाच्या मागे टाकतो. ज्याच्या मागे पडला त्याने आपला चेंडू घेऊन उलट्या दिशेने गोलाला फेरी मारायची, रिकाम्या जागी आधी पोचेल त्याची ती जागा. उलट दिशा असल्यामुळे दोघं समोरासमोर येतात, तिथे वर बघावंच लागतं. टक्कर होऊ नये म्हणून ‘दोघांनी आपापल्या डावीकडून’ हे आधी दोनदा चालत करून घ्या, मग पळत.

रुमाल वाऱ्याने उडतो. बिबला एक गाठ मारून वापरा.